एका गाठीचा डोंगा

लाल सुताची ती लडी मी घेतली होती. देवकाबाईंनी नव्हे.

आमच्या विणकर संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत वेगळं लिहिलेलं आहे, आणि ते माझ्याच अक्षरात आहे. मी संस्थेचा सचिव होतो. वही अजून कपाटात आहे, वाक्यही तिथेच आहे. मी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि सही करताना हात थरथरतो. तो पुरता थांबण्याआधी, ज्यांच्याबद्दल ते वाक्य लिहिलं त्या बाई कशा आहेत ते लिहून ठेवतो. माझ्याविषयी कमीत कमी लिहिणार आहे. पण मला अगदी वगळून ही हकिकत सांगता येत नाही. येत असती तर केव्हाच सांगितली असती.

निमित्त नलूताईंचं. त्या आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. या संक्रांतीला वाचनालयात हातच्या वस्तूंची अदलाबदल पुन्हा सुरू करायचं त्यांनी ठरवलं आणि वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मला म्हणाल्या, "काका, हे सुरू कसं झालं ते तुमाले मालूम हाये. दोन पानं लिहून द्या ना. बंद कसं झालं ते नका लिहू. कायले जुनं उकरायचं?"

मी मान डोलावली. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, बंद कसं झालं ते सोडून लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

देवकाबाई संस्थेच्या शेडमध्ये कांड्या भरायच्या. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या पोटात सुताची जी लहान नळी बसते ती कांडी. सकाळी सूत तोलून घ्यायचं, दिवसभर चरख्यावर कांड्या भरायच्या, संध्याकाळी तोलून परत द्यायच्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज जाड. नवरा तरुणपणीच गेलेला. एक मुलगी, कुसुम. ती दिघोरीला दिलेली. उजव्या अंगठ्याच्या पेरावर सुताने पडलेली खाच होती, इतकी खोल की त्या तिच्यात धागा अडकवून दोन्ही हात मोकळे करायच्या. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहायच्या. नव्या माणसाला वाटे, बाई लाजाळू आहेत. शेडमधल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं की त्या हात वाचतात.

एकदा मारोतराव, आमचे करवतकाठाचे सगळ्यांत जुने विणकर, विणून झालेलं थान घडी करून ठेवत होते. देवकाबाईंनी जाता जाता त्याचं एक टोक उलटून पाहिलं.

"मारोती, हे मधातलं हातभर तू नाही विनलं."

"मंग कोन विनलं? भूत?"

"तुया पोरानं. तुयी ठोक सरळ बसते. त्याची उजवीकडं जड हाये."

मारोतराव हसत सुटले. दोन दिवस त्यांना ताप होता, तेवढं मुलाने विणलं होतं. कोणाला कळणार नाही अशी त्यांची खात्री होती. "बाई, तुमी पोलिसात पायजे होत्या," ते म्हणाले. देवकाबाई म्हणाल्या, "पोलिसायले नाव सांगा लागते. मले नाही जमत."

हे मी मुद्दाम आधी लिहितो आहे. पुढे उपयोगी पडेल.

त्यांच्या कमरेला नेहमी एक पिशवी असे. थान कापल्यावर मागावर वीतभर, हातभर सुताची टोकं उरतात. आमच्याकडे ती झाडून टाकत. देवकाबाई ती उचलायच्या, रंगांप्रमाणे वेगळी करायच्या आणि एकाला एक गाठत जायच्या. गाठ मारताना त्या बोटांकडे पाहतसुद्धा नसत. पाचसहा महिन्यांत अशा गाठीगाठींच्या सुताचे पिशवीभर गुंडे होत. सोबत दुधाच्या पिशव्या, दवाखान्यातून आलेल्या सलाईनच्या बाटल्या, जुन्या लग्नपत्रिका, फुटक्या बांगड्या, धीवरांनी टाकलेली फाटकी जाळी. "टाकू नका, मले द्या," हे त्यांचं गावभर ठरलेलं वाक्य. या सगळ्यातून त्या वस्तू करायच्या. बांगड्यांना सूत गुंडाळून केलेलं तोरण, चष्म्याचं घर, पाण्याच्या बाटलीला खांद्यावर अडकवायची झोळी. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून सुताबरोबर विणलेली एक बसकर, बसायची चटई, मी पाहिली आहे. पावसात बाहेर राहिली तरी तिला काही होत नसे.

त्यांच्या वस्तूत गाठी दिसायच्या. त्या लपवत नसत. कोणी म्हटलं, "बाई, ह्या गाठी मागच्या बाजूनं घेतल्या असत्या तं छान दिसलं असतं," तर म्हणत, "मागून कायले? टुकड्यायचं हाये तं टुकड्यायचं दिसू द्या."

अदलाबदल सुरू झाली ती एका संक्रांतीला. वाचनालयाच्या समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. बाया येत होत्या, वाण घेऊन जात होत्या. देवकाबाईंना असलं बोलावणं नसे, आणि त्या मागतही नसत. त्या वाचनालयाच्या पायरीवर बसून सूत गाठत होत्या. मी कुलूप लावायला आलो होतो. वाचनालयाची किल्लीही माझ्याकडेच असे. नलूताई हातात प्लास्टिकची वाटी घेऊन त्या घरातून बाहेर पडल्या आणि पायरीशी थांबल्या.

देवकाबाईंनी वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली. "हे तुले हिनं देल्ली. उद्या तू हिले डबी देशीन. दोघी एकाच दुकानातून आनान. यात हात कोनाचा हाये?"

"वाणाचं असंच असते ना वो मावशी."

"कोनाच्या घरी वाटी नाही काय?"

नलूताई हसल्या. देवकाबाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आपल्या हातचं आनायचं. टाकलेल्यातून करायचं. कोनं आनलं ते सांगायचं नाही. मंग कोनाले बोलवायचं आन् कोनाले नाही, हा प्रश्नच नाही. काहून भाऊ, खोली देता का?"

शेवटचं मला होतं. मी खोली दिली.

पुढच्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या रविवारी, वाचनालयाच्या खोलीत लांब टेबल मांडलं. देवकाबाईंनी रीत घालून दिली ती अशी: एकेकाने पिशवी घेऊन समोरच्या दाराने आत जायचं, वस्तू टेबलावर ठेवायची, मागच्या दाराने बाहेर पडायचं. आत दुसरं कोणी नसे. सगळ्यांचं झालं की मग सारेच आत. चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचा नंबर आला त्याने हवी ती वस्तू उचलायची. एक आणली तर एकच न्यायची. देवकाबाई चिठ्ठी काढत नसत. "मी शेवटी," म्हणायच्या, "उरन ते माझं."

पहिल्या वर्षी नऊ माणसं होती. चार विधवा, दोन म्हातारे, नलूताई, देवकाबाई आणि मी. तिसऱ्या वर्षी खोली पुरेना. सानगडी, कोंढ्याकडून लेकी माहेरी आल्या की थांबून अदलाबदल करून जात. हळदीकुंकवाच्या घरी ज्या बाया एका बाजूला बसत, त्या इथे टेबलाभोवती इतरांना ढकलून पुढे सरकत होत्या. देवकाबाई भिंतीशी उभ्या राहून ते पाहायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे ते मी नंतर पुसून टाकलं, म्हणून मला ते जास्त लक्षात आहे.

नलूताईंनी एकदा विचारलं होतं, "मावशी, माझी ही थैली कोनं केली ते तुमाले गाठीवरून कळलंच असन. सांगा ना, मी कोनाले नाही सांगत."

"कळलं."

"मंग?"

"आपल्याइथं सांगत नाहीत. नाव कळलं की तू थैली पाहनार नाहीस, मानूस पाहशीन."

आता माझं थोडं.

पहिली तीन वर्षं मी एकच वस्तू नेली: गरम भांडं धरायला सुताचा जाड विणलेला चौकोन. ती विद्या मला देवकाबाईंनीच दिली. दुपारी शेड रिकामी झाली की मी चरख्यापलीकडे, त्यांच्या समोर बसत असे. विणकराची गाठ बारीक, चपटी असते, फणीतून अडखळत नाही. मी समोर बसून शिकलो, त्यामुळे आरशात पाहून शिकल्यासारखी माझी गाठ उलटी बसू लागली. त्यांची डावीकडे कलते, माझी उजवीकडे. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर खळखळून हसल्या. "उलटी शिकले तुमी. पन बसली पक्की. राहू द्या तशीच."

गाठ आली, हात आला नाही. माझे चौकोन कधी चौकोनी झालेच नाहीत. गाठी एका जागी गोळा होऊन बसत. दरवर्षी टेबल रिकामं होत जाई आणि माझी वस्तू तिथेच राही. तिसऱ्या वर्षी कोणीतरी ती दोन बोटांनी उचलून म्हटलं, "हे कोन आनलं बापा, गाठींचं पोतं?" खोली हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. देवकाबाईंनी पुढे होऊन तो चौकोन उचलला आणि पिशवीत टाकला. उरलं ते त्यांचं.

मी संस्थेचा सचिव, गावात मला साहेब म्हणत. एवढ्याशा हसण्याचं इतकं लागावं, हे लिहितानाही लाज वाटते. पण लागलं. वाटलं, एकदा, फक्त एकदा, पहिला नंबर आलेल्या माणसाचा हात माझ्या वस्तूकडे जावा.

करवतकाठी साडीचं लाल सूत एकाच वेळी रंगवावं लागतं. तोच रंग दुसऱ्यांदा उतरत नाही. म्हणून लागेल त्यापेक्षा एक लडी जास्त रंगवून ठेवतात. मी विणकर नव्हतो, कागद सांभाळणारा होतो. जास्तीची म्हणजे उरलेली, असं मी धरलं. ती तुटफुटीसाठी राखलेली असते, साडी मागावरून उतरेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही, हे शेडमधल्या कोणत्याही पोरीने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं.

एक तुटका धोटा घेतला. धोटा मुळातच वैनगंगेवरच्या डोंग्यासारखा, लहान होडीसारखा दिसतो, दोन्हीकडे टोकदार, मधे पोकळ. संस्थेच्या कचेरीत दार लावून पंधरा दिवस मी त्यावर काम केलं. डोंग्याला काठी उभी केली, काठीवरून दोन्ही टोकांपर्यंत लाल जाळी विणली. सूत अखंड होतं, कुठे अडत नव्हतं. गाठींनी ज्या जागी माझा हात फसत होता तिथे आता हात धावत होता. सबंध डोंग्यात एकच गाठ आली, अगदी शेवटी, पोटाखाली, धागा बंद करताना.

त्या रविवारी पहिली चिठ्ठी नलूताईंची निघाली. त्या सरळ डोंग्याकडे गेल्या, तो उचलून खिडकीच्या उजेडात नेला. बाया भोवती जमल्या. "हा तं मावशीचाच हात," कोणीतरी म्हणालं. "दुसरं कोन करनार?"

"आपल्याइथं सांगत नाहीत," देवकाबाई भिंतीपासून म्हणाल्या. मग त्या खोलीतल्या हातांकडे पाहू लागल्या, एकेकाच्या, सावकाश. नवा लाल रंग नखांच्या कडेला धरतो, साबणाने जात नाही. मी हात कोटाच्या खिशात घातले.

तीन आठवड्यांनी मारोतरावांनी राखीव लडी मागितली. काठाचं सूत दोनदा तुटलं होतं. मी किल्ली घेऊन कोठीत गेलो, तिथे नसलेली लडी बराच वेळ शोधली आणि बाहेर येऊन म्हटलं, "पाहतो. कुठं ठेवली गेली असन." आठ दिवस मी पाहत होतो. माग थांबलेला होता. शेडमध्ये त्या एका मागाचा आवाज नाही, हे मला कचेरीत बसून कळत होतं. रोज सकाळी ठरवत होतो, आज मारोतरावांना बाजूला घेऊन सांगायचं. दुपारपर्यंत ते उद्यावर जाई. शेवटी पुन्हा सूत रंगवलं, काठ दोन रंगांचा झाला, गिऱ्हाइकाने साडी घेतली नाही. मारोतरावांच्या विणकामातली परत आलेली ती पहिली साडी.

आणि मग नातीला अंगणवाडीत सोडायला गेलेल्या मारोतरावांना खिडकीत टांगलेला डोंगा दिसला.

सभा संस्थेच्या कचेरीत झाली. ज्या टेबलावर डोंगा तयार झाला त्याच टेबलावर अध्यक्षांनी तो ठेवला. इतिवृत्त लिहायला मी बाजूला बसलो होतो. नलूताई होत्या, विणकर होते, देवकाबाई दाराशी चटईवर.

"सूत आपल्या संस्थेचं हाये, यात कोनाचं दुमत?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीस वर्स लाल विनून राह्यलो," मारोतराव म्हणाले. "हा रंग मी झोपेत ओळखीन. आन् पाहा, गाठ नाही. उरलेल्या टोकायचं असतं तं बोटाबोटावर गाठ असती. हे नव्या लडीचं काम हाये."

कोठीची किल्ली माझ्याकडे होती. ते कोणी बोललं नाही. सूत रोज हातात घेणारी बाई खोलीत होती, आणि असा डोंगा करू शकणारीही तीच. सगळ्यांच्या नजरा दाराशी गेल्या. डोंगा हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत पोहोचला.

त्यांनी तो पालथा केला. अंगठा पोटाखालून हळूहळू नेला आणि टोकाशी, जिथे ती एक गाठ होती, तिथे थांबवला. अंगठा तिथेच राहिला. मी पेनाचं टोपण काढलं.

"बाई, हा तुमी केला काय?"

"आपल्याइथं सांगत नाहीत."

"मी मीटिंगमधे विचारून राह्यलो. अदलाबदल संपली."

"डोंगा अदलाबदलीतच आला ना जी. मंग रीत तेच."

मारोतराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चिडका होता, पण त्यात विनवणी होती. "बाई, एक शब्द बोला. नाही म्हना. तुमी नाही म्हटलं तं मी मानतो, सगळ्यायच्या पुढं मानतो."

देवकाबाईंनी डोंगा मांडीवर ठेवला. "मी नाही म्हनीन," त्या म्हणाल्या. "मंग तुमी हिले विचारान. हे नाही म्हनन. मंग त्याले विचारान. असं करता करता एक जन उरन. मले ते करायचं नाही. पुढच्या साली टेबलावर कोन काय ठेवन मंग?"

असं म्हणून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. हातांकडे नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेलं मला आठवत नाही. मी पेनाचं टोपण लावलं. एक वाक्य बोलायला पुरेल एवढा वेळ गेला. मग आणखी एकदा तेवढाच.

"लिवा सेक्रेटरी," अध्यक्ष म्हणाले.

मी लिहिलं: "सदर सुताबाबत देवकाबाई यांना विचारणा केली असता त्यांनी समाधानकारक खुलासा केला नाही."

"काय लिवलं ते वाचून दाखवा, भाऊ," देवकाबाई म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं.

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "तसंच झालं." आणि डोंगा टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

घरी बायकोने विचारलं, "बाईंनी घेतलं सूत? खरंच?" मी म्हटलं, "मीटिंगमधे ठरलं." तिने ताटात भाकर वाढली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई नेहमीच्या वेळी शेडमध्ये आल्या. घेतलेल्या सगळ्या सुताच्या कांड्या भरून झाल्यावर त्यांनी टोपली माझ्यासमोर तराजूत ठेवली. तोल बरोबर होता. त्यानंतर त्या आल्या नाहीत. महिनाभरात घराला कुलूप लागलं. दिघोरीला मुलीकडे गेल्या असं कळलं. पुढच्या संक्रांतीला वाचनालयाची खोली कोणी मागितली नाही. समोरच्या घरी हळदीकुंकू झालं, प्लास्टिकच्या वाट्या वाटल्या गेल्या. ज्या बाया टेबलाभोवती ढकलाढकल करत होत्या त्या आपापल्या घरी राहिल्या.

सभेपासून डोंगा संस्थेच्या कपाटातच पडून होता; सचिवपद सोडताना मी तो उचलून घरी आणला. दुसऱ्यांदा चोरला म्हणा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो पिशवीत घालून लाखांदूरच्या बसने निघालो आणि दिघोरीला उतरलो. धानाची कापणी झाली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या पडल्या होत्या. कुसुमचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून.

देवकाबाई अंगणात बसल्या होत्या. बाजूला खताच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग. पोत्याची शिवण एका झटक्यात उसवून त्या लांब पांढरा दोरा काढत आणि गुंड्यावर गुंडाळत. केस सगळे पांढरे झाले होते. अंगठ्याची खाच तशीच होती.

"या भाऊ. चाय घेता ना?" जणू मी रोजच येत होतो. अंगणातल्याच चुलीवर चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चढलेला होता.

मी डोंगा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "बाई, हा डोंगा..."

"मालूम हाये."

"केव्हापासून?"

"मीटिंगपासून. गाठ उलटी हाये. आपल्या गावात उलटी गाठ एकच मानूस मारते. मीच शिकवली."

"मग बोलल्या का नाही?"

"मी काहून बोलू? गाठ तुमची." त्यांनी पोत्याची आणखी एक शिवण उसवली. "मी तुमाले पाह्यलं ना तवा. तुमी पेनाचं टोपन लावलं."

 निघालेला दोरा त्यांनी सरसर गुंड्यावर गुंडाळला. मग त्यांनी डोंगा उचलून जाळी बोटांनी ताणली. "जाळी चांगली विनली तुमी. टुकड्यायची विनली असती तं मीच कायदा मोडून पयले उचलला असता."

"बाई, मला माफ करा."

"मले सांगून काय होते? मले तं मालूमच होतं." आवाज चढला नाही, पण हात थांबले. "इथं आली तवा कुसुमच्या सासूनं धान्याच्या कोठीले कुलूप लावलं. माझ्यापुढं नाही लावलं, एवढं राखलं तिनं. गावचं गावातच राहते थोडी? मारोती अजून म्हनते ना, देवकानं साडी बिघडवली?"

"म्हणतात."

"मंग. ज्यायले मालूम नाही त्यायले सांगा."

मी म्हटलं, येत्या संक्रांतीला सांगतो. डोंगा मी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला. "अदलाबदलीत गेलेली वस्तू परत येत नाही. हे नलूची हाये. तिले नेऊन द्या."

ती संक्रांत आली आणि गेली. मी डोंगा नलूताईंना दिला नाही, कारण देताना तो माझ्याकडे कसा आला ते सांगावं लागलं असतं. आता पुढची संक्रांत तोंडावर आली आहे. मागच्या आठवड्यात कुसुमचा फोन आला होता. म्हणाली, आईची बोटं आखडली आहेत, गाठ मारता येत नाही, दिवसभर हातात दोरा घेऊन बसून राहते. फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

नलूताई, तुम्ही मागितली होती त्यापेक्षा ही पानं जास्त झाली. अंकात घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण रविवारी टेबल मांडण्याआधी ही खोलीत वाचली जावीत, मारोतरावांसमोर. आवाज साथ देईल तोवर मी वाचीन, पुढे तुम्ही वाचा. इतिवृत्तातल्या त्या वाक्याखाली संस्थेने एवढंच लिहावं: सूत सचिवाने घेतलं होतं, आणि देवकाबाईंना विचारणा होत असताना तो समोर बसून लिहीत होता. डोंगा या पानांसोबत ठेवला आहे. तो तुमचा आहे.

दिघोरीहून निघालो तेव्हा चहा पिऊन मी पाळीवर चढलो होतो आणि एकदा मागे वळून पाहिलं. कुसुमसाठी दुसरा गंज उकळत होता. देवकाबाई चुलीपाशी वाकल्या, कोनाड्यातून काहीतरी काढून दोन्ही हातांत धरलं आणि उकळता गंज उचलून खाली ठेवला. धुराने काळा पडलेला, चारही कोपरे वाकडे, मधे गाठींचा गोळा झालेला तो माझा चौकोन होता. त्यांनी तो झटकला आणि पुन्हा कोनाड्यात, हाताला येईल असा ठेवला.